नवरा म्हणतो, माझ्या नावावर काहीच नाही

वाचकांचे प्रश्न : मुलांची पोटगी

गेल्या अंकात सहज लिहिलं होतं की वेगळं राहणाऱ्या किंवा घटस्फोट झालेल्या आईबापांनी मुलांच्या खर्चाबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा, तर नुसता पाऊस पडला पत्रांचा, व्हॉट्सअॅपचा आणि व्हॉइस मेसेजचा. सारखे प्रश्न एकत्र केलेत, गावं आणि तपशील थोडे बदललेत, त्यामुळं "ही अमक्याची सून दिसतेय" असा शोध घेत बसू नका. आणखी एक, पोटगी मागायच्या ज्या केसला आपण सगळे "१२५ची केस" म्हणतो ते जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं कलम १ जुलै २०२४ पासून नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालंय, कोर्टाच्या आवारात अजून जुन्या सवयीनं १२५च म्हणतात, तर दोन आकडे ऐकून घाबरू नका, गोष्ट एकच आहे.

प्रश्न : मॅडम, माझं सासर इचलकरंजी, सध्या माहेरी शिरोळ तालुक्यात राहते. मुलगी सहा वर्षांची आहे. मिस्टरांचे लूम हायत, गावाकडं ऊस हाय, चार म्हशी हायत. मुलीच्या खर्चाचं विचारलं की म्हणतात, कर काय करायचं ते, माझ्या नावावर काहीच न्हाई, सगळं वडिलांचं हाय, मी तिथं कामाला असतोय. मग खरंच काही मिळणार नाही का?

उत्तर : ताई, पोटगीची नोटीस आली की आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातला चांगला बागायतदार एका रात्रीत स्वतःच्याच बापाकडं रोजगारी होतो, हे कोर्टाला काय नवीन नाही. पहिली गोष्ट, कोर्ट फक्त नावावर काय आहे ते बघत नाही, माणूस कमवू किती शकतो आणि आजवर राहत कसा होता तेही बघतं. धडधाकट माणसानं "मला काम नाही, मला उत्पन्न नाही" म्हणून हात वर केलेले चालत नाहीत, अंगमेहनत करून का होईना बायकापोरांना सांभाळलं पाहिजे, हे सुप्रीम कोर्टानं २०१५ला सांगितलंय आणि २०२२ला परत सांगितलंय.

दुसरी गोष्ट जास्त कामाची. ४ नोव्हेंबर २०२०ला सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आला, वकील मंडळी त्याला "रजनेश-नेहा" म्हणतात, तेव्हापासून पोटगीच्या प्रत्येक केसमध्ये दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता, कर्ज, खर्च सगळं शपथेवर लिहून द्यावं लागतं. त्याचा नमुना कोर्टानंच ठरवून दिलाय आणि शेतकऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे, त्यात जमीन किती, बागायत का जिरायत, पीक काय, मागच्या तीन वर्षांचं शेतीचं उत्पन्न किती, म्हशी-गाई-शेळ्या-कोंबड्या किती आणि त्यातून काय मिळतं इथपर्यंत विचारलंय. म्हणजे त्या चार म्हशीसुद्धा कागदावर येणार. आणि तिथं खोटं लिहिलं तर खोट्या शपथपत्राची कारवाई होऊ शकते, ते वेगळंच.

पण समोरचा खरं लिहील या भरवशावर राहू नका, तुम्ही पण कागद गोळा करायला लागा. सातबारा आणि आठ-अ ऑनलाइन निघतो, तो काढा, आणि फेरफार नक्की बघा, कारण भांडण सुरू झाल्यावर जमिनीचं वाटणीपत्र किंवा बक्षीसपत्र झालं असेल तर तारीखच सगळं बोलते. उसाचं बिल कारखाना कुणाच्या खात्यावर जमा करतो, दूध संस्थेचं दहा दिवसाचं बिल कुणाच्या नावानं निघतं, लूमचं लाईट बिल कुणाच्या नावावर येतं, जीएसटी नंबर आहे का, ट्रॅक्टर किंवा चारचाकी कुणी घेतली आणि हप्ता कोण भरतंय, मुलीची आधीची शाळेची फी कुणाच्या फोनवरून गेली, हे सगळं आठवून एका वहीत लिहून काढा. बँकेचे किंवा कारखान्याचे कागद तुम्हाला कुणी देणार नाही, मागत फिरू नका, तुमचा वकील कोर्टात अर्ज देऊन ते मागवून घेऊ शकतो. फक्त एक करू नका, मिस्टरांचा फोन गुपचूप उघडून स्क्रीनशॉट काढायचे उद्योग, त्यातून नसती भानगड मागं लागते.

केस माहेरच्या कोर्टात टाकता येते, इचलकरंजीला हेलपाटे घालायची गरज नाही. आणि उशीर करू नका ताई, कारण पोटगी साधारणपणे अर्ज टाकल्याच्या तारखेपासून मिळते, असंही त्याच निकालात सांगितलंय. "बघू, दिवाळी होऊदे, पाहुणे बसवून मिटवूया" म्हणत गेलेले महिने कोर्ट भरून देत नाही. अर्जासोबतच अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या तात्पुरत्या पोटगीचा अर्ज जोडा, नोटीस बजावल्यापासून शक्यतो ६० दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा म्हणतो. "शक्यतो" वर जरा थांबा, तारखा पडतात, पण अंतरिमचा अर्जच नसला तर मुख्य केसचा निकाल लागेपर्यंत हातात काहीच येत नाही.

प्रश्न : पगाराच्या किती टक्के पोटगी बसते? आमच्यात सगळे २५ टक्के म्हणतात. (उद्यमनगर)

उत्तर : असा ठरलेला टक्का कुठल्याही कायद्यात नाही. २०१७च्या एका केसमध्ये सुप्रीम कोर्टानं हातात येणाऱ्या पगाराच्या २५ टक्के बायकोच्या पोटगीला योग्य मानले, त्यावरून हे सगळीकडं पसरलं. मुलांच्या बाबतीत खाणंपिणं, कपडे, घर, दवाखाना, शाळा, क्लास हा खरा खर्च किती, आणि बापाची ऐपत काय, यावर आकडा ठरतो. एक गोष्ट मात्र पगारदार लोकांना सांगते, सोसायटीचं कर्ज, गाडीचा हप्ता, भिशी असं सगळं वजा करून "माझ्या हातात सातच हजार उरतात" हे सांगू नका. हौसेनं काढलेलं कर्ज पोराच्या जेवणाच्या आधी येत नाही.

प्रश्न : मी राजारामपुरीत राहते, बँकेत नोकरी आहे, हातात ३८ हजार येतात. नवरा पुण्यात आयटीत आहे, त्याला माझ्या तिप्पट तरी पगार असेल. मुलगा दहा वर्षांचा, माझ्याकडेच असतो. तो म्हणतो, तू कमावतेस तर मुलाचं तूच बघ. माझ्या भावानं एका वकिलाला विचारलं तर तोही म्हणाला नोकरी असेल तर अवघड आहे.

उत्तर : भावानं जे विचारलं ते बहुतेक तुमच्या स्वतःच्या पोटगीचं, आणि उत्तर त्याचं मिळालं. तुमची पोटगी आणि मुलाची पोटगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुम्हाला स्वतःसाठी कमी मिळेल किंवा मिळणारही नाही, ३८ हजार पगारावर ते शक्य आहे, पण म्हणून बाप मोकळा होत नाही. आईनंही कमावत असेल तर वाटा उचलायचा असतो, १९५६चा हिंदू दत्तक आणि निर्वाह कायदा तर आई-बाप दोघांवरही जबाबदारी टाकतो, पण वाटा कमाईच्या प्रमाणात. २००० साली सुप्रीम कोर्टानं एका कमावत्या जोडप्यात मुलांचा खर्च बापानं दोन हिस्से आणि आईनं एक हिस्सा असा वाटून दिला होता. शिक्षणाचा खर्च साधारणपणे बापाकडं, आईचा पगार चांगला असेल तर प्रमाणात वाटून, असं २०२०च्या रजनेश-नेहा निकालातही आहे, आणि त्यात ट्यूशन-क्लास पण धरलेत.

आता व्यवहाराचं. तुम्ही महिन्याचा मोघम आकडा सांगाल तर समोरचा वकील तो उलगडून फाडून ठेवेल. त्यापेक्षा शाळेची फी, रिक्षा किंवा व्हॅन, क्लास, दात आणि चष्मा, कपडे, वाढदिवस, सहली, घरभाड्यातला मुलाचा वाटा, मुलाला सांभाळायला येणाऱ्या मावशींचा पगार असं एकेक लिहा आणि पावत्या जोडा. तुम्ही संध्याकाळी सात वाजता बँकेतून दमून येऊन त्याचा अभ्यास घेता, त्याची पावती नसते, पण तेही सांगायचं, लाजायचं नाही. शपथपत्रात तुमचा पगार मात्र जसाच्या तसा लिहा. ३८चे २८ केले की पुढचं सगळं खरं असूनही खोटं वाटायला लागतं.

प्रश्न : मी गोकुळ शिरगावला फौंड्रीत आहे. कोर्टानं मुलीसाठी महिन्याला ६ हजार ठरवून दिलेत, मी न चुकता देतोय, कधी सासऱ्याच्या हातात, कधी मेहुण्याकडं. पण मुलीला भेटू देत न्हाईत. दर वेळी काय ना काय कारण, पाहुणे आलेत, परीक्षा हाय, ताप आलाय. मी पैसे बंद केले तर भेटवतील असं मित्र म्हणतात. करू का?

उत्तर : नाही. दादा, तुमची तळमळ कळते, आणि भेटू न देणं हे चुकीचंच आहे, त्यात शंका नाही. पण पैसे मुलीचे आहेत, आईचे नाहीत, आजोबांचे तर अजिबात नाहीत. पोटगी बंद केली की दोन-तीन महिन्यांत तुमच्या नावानं वसुलीचा अर्ज येतो आणि मग कोर्टासमोर भेटू न देणारी आई दिसत नाही, पैसे बुडवणारा बाप दिसतो. तुमची बाजू भक्कम असताना ती स्वतःच्या हातानं का पाडताय?

भेटीसाठी वेगळा अर्ज करा. त्यात वार आणि वेळ ठरवून मागा, जसं की दर रविवारी दुपारी तीन ते सहा, मे महिन्याच्या सुट्टीत इतके दिवस, रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉल. "योग्य वेळी भेट द्यावी" असा मोघम आदेश घेऊन आलात तर पाहुणे आणि ताप चालूच राहणार. फॅमिली कोर्टात समुपदेशक असतात, सुरुवातीच्या भेटी त्यांच्यासमोर ठेवता येतात. आदेश होऊनही पाळला नाही तर त्याची तक्रार त्याच कोर्टात होते.

आणि ते हातात पैसे देणं आजच्या आज बंद करा. उद्या मेहुणा "मला काय दिलं न्हाई" म्हणाला तर तुमच्याकडं काय आहे? मुलीच्या आईच्या खात्यावर ट्रान्सफर करा, रिमार्कमध्ये महिना टाका, "पोटगी मार्च" एवढं पुरे. आजवर दिले त्याचे मेसेज, फोन, काही लिखापढी असेल तर जपून ठेवा. पुढं कधी फौंड्रीत ब्रेक मिळाला, काम कमी झालं, तर गप्प बसून थकवायचं नाही, रक्कम कमी करण्याचा अर्ज त्याच नव्या संहितेच्या कलम १४६ खाली करता येतो, परिस्थिती खरंच बदलली असेल तर कोर्ट ऐकतं. तसंच मुलीचा खर्च वाढला तर आईपण वाढवून मागू शकते.

प्रश्न : २०१९ला आमच्या भावकीनं बैठक घेऊन स्टॅम्प पेपरवर सोडचिठ्ठी केली. मला एकरकमी ८० हजार दिले आणि लिहून घेतलं की इथून पुढं मुलासाठी काही मागणार नाही. आता मुलगा हायस्कूलला गेला, खर्च झेपत नाही. मी सही केली असल्यामुळं आता तोंड उघडता येत नाही. (कागल तालुका)

उत्तर : उघडा तोंड. मुलाचा हक्क आईच्या सहीनं संपत नाही, मुलानं कुठं सही केली होती? अशा कागदाचा आधार घेऊन बापाला हात झटकता येत नाहीत, फार तर दिलेले ८० हजार कोर्ट हिशेबात धरेल. कोर्टातून परस्पर संमतीनं घटस्फोट झालाय आणि तिथं असंच लिहून दिलंय त्यांनाही हेच सांगते, मुलाच्या गरजा पुढं वाढतात तेव्हा मुलाच्या वतीनं मागता येतं.

आणि तुम्हाला हे कुणी सांगितलं नसेल म्हणून सांगते, तुमच्यासारख्या हिंदू लग्नात स्टॅम्प पेपरवर पंचांच्या सह्या झाल्या म्हणजे घटस्फोट झाला असं होत नाही. जातीत फार जुनी चालत आलेली रूढी आहे हे पुराव्यानिशी सिद्ध केलं तर वेगळी गोष्ट, नाहीतर तुम्ही अजून कायद्यानं नवरा-बायकोच आहात. त्यानं मधल्या काळात दुसरा संसार मांडला असेल तर तो त्याचा प्रश्न, आणि मोठा प्रश्न आहे. या भावकीच्या बैठका मला पटत नाहीत, स्पष्ट सांगते. वीस पुरुष आणि एक पोरगी, आणि तिला चहा झाला की सही करायची असते.

प्रश्न : पोटगी ठरून चौदा महिने झाले, एक रुपया नाही. नवरा सगळ्यांना सांगत फिरतोय, महिनाभर कळंब्याला जाऊन येतो म्हणजे सगळं फिटलं. (शाहूपुरी)

उत्तर : कळंबा जेलमध्ये जाऊन आल्यानं पैसे फिटत नाहीत, हे त्यांच्या मित्रमंडळात कुणीतरी मोठ्यानं वाचून दाखवा. सुप्रीम कोर्टानं १९८८लाच सांगितलंय की जेल हा पैसे काढून घ्यायचा मार्ग आहे, पैशाच्या बदल्यात जेल नाही. बाहेर आल्यावर थकबाकी तिथल्या तिथंच.

तुमच्या बाबतीत घाई यासाठी की वसुलीचा अर्ज रक्कम थकल्यापासून एका वर्षाच्या आत करायचा असतो. चौदा महिने झाले म्हणजे पहिल्या दोन महिन्यांची गोष्ट अवघड होत चाललीय, ती रक्कम बुडाली असं नाही, पण तिच्यासाठी दिवाणी मार्गानं वेगळी खटपट करावी लागेल. तर हा अंक वाचून झाला की वकिलांना फोन करा. अर्जावर कोर्ट वसुलीचं वॉरंट काढतं, मालमत्ता जप्त होऊ शकते, आणि तरी दिलं नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद. नोकरी असेल तर पगारावर टाच आणता येते, घरगुती हिंसाचार कायद्याखाली आदेश असेल तर कोर्ट थेट मालकाला सांगू शकतं की पगारातून कापून बाईकडं द्या. त्यामुळं तो कुठं कामाला आहे, कुठल्या बँकेत खातं आहे, गाडीचा नंबर काय, हे अर्जात लिहा. "त्याला पकडून आणा" एवढ्यावर काम होत नाही, आणि वॉरंट घेऊन गेलेला माणूस "घरी मिळून आला नाही" लिहून परत येतो, तर खरा पत्ता द्या.

प्रश्न : मुलगी मे महिन्यात अठराची होईल, इंजिनिअरिंगला घालायचंय. पोटगी बंद होणार का? आणि मुलाचं काय? (गारगोटी)

उत्तर : कलम १४४ची पोटगी साधारण अठरापर्यंतच, मूल अपंग असेल किंवा आजारपणामुळं कमवू शकत नसेल तर पुढंही. पण लग्न न झालेली, स्वतःचं भागवू न शकणारी हिंदू मुलगी १९५६च्या कायद्याच्या कलम २० खाली बापाकडून पुढंही मागू शकते, सुप्रीम कोर्टानं सप्टेंबर २०२०ला हे स्पष्ट केलंय, फक्त त्याला वेगळा दावा करावा लागतो, १४४च्या केसमध्ये ते बसत नाही. अठराची झाल्यावर दावा तिच्या नावानं होईल, तर तिला आत्ताच विश्वासात घ्या. मुलाच्या बाबतीत अठरानंतर बापावर कायद्याची सक्ती फारशी उरत नाही, म्हणून ज्यांचा समझोता अजून व्हायचाय त्यांनी मुलाच्या डिग्रीचा खर्च समझोत्यातच लिहून घ्यावा, आणि दर एक-दोन वर्षांनी रक्कम वाढेल असंही लिहून घ्यावं. २०२५च्या एका निकालात सुप्रीम कोर्टानं बायकोच्या पोटगीला दर दोन वर्षांनी ५ टक्के वाढ लावून दिलीय, म्हणजे असं मागणं काही जगावेगळं नाही.

प्रश्न : आम्ही मुस्लिम आहोत, तलाक झालाय. तीन महिन्यांनंतर मुलांचं काहीच मिळत नाही असं सासरचे सांगतात. (शिरोली)

उत्तर : चुकीचं सांगतात. १९९७ला सुप्रीम कोर्टानं स्पष्ट केलंय की मुस्लिम मुलांनाही हीच पोटगी मिळते, मुलगा सज्ञान होईपर्यंत आणि मुलीला तिचं लग्न होईपर्यंत. आणि तलाक झालेली बाई स्वतःसाठीसुद्धा याच कलमाखाली मागू शकते, हे १० जुलै २०२४च्या निकालात परत सांगितलंय.

प्रश्न : लग्न झालेलं नाही, पण मूल त्याचंच आहे. मागता येतं का?

उत्तर : येतं. मुलाच्या बाबतीत लग्नाची अट नाही. तो नाकारत असेल तर डीएनए चाचणीची मागणी करता येते, पण कोर्ट ती उठसूट देत नाही, म्हणून एकत्र राहिल्याचे फोटो, भाड्याचा करार, दवाखान्यात त्यानं नाव घातलेले कागद आधी जमवा.

प्रश्न : माझी लेक गेली, दोन नातवंडं माझ्याकडं हायत. जावयानं दुसरं लगीन केलं. म्या पेन्शनवर भागवतीय. वकिलाला द्यायला पैसं न्हाईत. कुणाला सांगू? (पन्हाळा तालुका)

उत्तर : मावशी, जावयानं दुसरं लगीन केलं म्हणून आधीच्या पोरांचा बाप असणं सुटत नाही. नातवंडांच्या वतीनं तुम्ही अर्ज करू शकता. वकिलाची काळजी सोडा, कसबा बावड्याला जिल्हा कोर्टात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, बायकांना आणि लहान मुलांना तिथं उत्पन्न न बघता फुकट वकील मिळतो, कोर्टाचा खर्चही तेच बघतात. तालुक्याच्या कोर्टातही त्यांची समिती असते. जायच्या आधी १५१०० नंबरला फोन लावून विचारलं तरी चालतं. जाताना लेकीचा मृत्यूचा दाखला, पोरांचे जन्माचे दाखले, शाळेचे बोनाफाईड, रेशन कार्ड आणि जावई कुठं काम करतो त्याची चिठ्ठी घेऊन जा. पुढं निकाल पटला नाही म्हणून हायकोर्टात जावं लागलं तरी आता मुंबईची एसटी धरायला नको, १८ ऑगस्ट २०२५पासून हायकोर्टाचं सर्किट बेंच आपल्या कोल्हापुरातच, सीपीआर हॉस्पिटलसमोर बसतंय. आणि जावई मधेच येऊन "पोरं माझ्याकडं द्या, मग पैशाचा प्रश्नच न्हाई" असं म्हणाला तर तिथल्या तिथं हो-नाही काही बोलू नका, कशावर अंगठाही उठवू नका, पोरांचा ताबा हा वेगळा विषय आहे, तो वकिलांसमोरच बोलायचा.